आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली का?



गावोगावच्या बैठकांत खते, बियाणे, कीडरोग यांवर बोलून झाले की शेवटी एखादा तरुण उभा राहतो आणि विचारतो, "साहेब, ट्रॅक्टरचा सायलेन्सर काढून मोकळा पाइप टाकला तर ताकद वाढते का?" बाकीचे हसतात. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोटारींना 'हेडर' नावाचे नळ्यांचे जोड बसवतात, त्याने गाडी जोरात पळते, असे मुलांनी मोबाईलवर पाहिलेले असते. मग शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून दोन फूट पाइप आणायचा, सायलेन्सर कापायचा आणि ट्रॅक्टर गावातून धडधडत न्यायचा, असे होऊ लागते. घरातली वडील माणसे आवाज ऐकून म्हणतात, "काय तरी केलं वाटतं पोरानं, पण जोर आलाय."

जोर आलेला नसतो, फक्त आवाज आलेला असतो. तो का, हे आज पाहू. त्यासोबत धूर बाहेर नेणाऱ्या वाटेचे घरच्या घरी करण्यासारखे एक खरोखर उपयोगाचे कामही समजून घेऊ. ते काम म्हणजे फुटलेले मॅनिफोल्डचे पॅकिंग बदलणे.

धुराची वाट कशी असते?

आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टर तीन सिलिंडरांचे आहेत. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला एक हजार वेळा धूर बाहेर टाकतो. तीन सिलिंडरांचे मिळून तीन हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा. हा प्रत्येक धूर म्हणजे एक लहानसा स्फोटच असतो. इंजिनच्या हेडला लागून बिडाचा एक जाड नळ असतो. त्याला हेडच्या बाजूने तीन तोंडे आणि दुसरीकडे एक तोंड असते. हाच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तिन्ही सिलिंडरांचा धूर तो एकत्र करतो आणि सायलेन्सरमध्ये सोडतो. हेड आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये जी पातळ पत्र्याची किंवा दाबलेल्या धाग्यांची चकती असते, ते पॅकिंग.

मोटारीचा 'हेडर' म्हणजे याच मॅनिफोल्डच्या जागी बसवायचा नळ्यांचा जोड. त्यात प्रत्येक सिलिंडरला वेगळी पोलादी नळी असते आणि पुढे त्या सगळ्या एकत्र येतात. नळ्यांची लांबी नेमकी ठेवली, तर एका सिलिंडरचा धूर वेगाने निघून जाताना पुढच्या सिलिंडरमधला धूर आपल्यामागे ओढून घेतो. शर्यतीच्या पेट्रोल मोटारीत, चार-पाच हजार फेऱ्यांच्या वर, याचा फायदा मिळतो. तिथे तो खरा आहे. पण त्यासाठी इंधनाचे प्रमाणही जुळवून घ्यावे लागते.

आता आपल्या ट्रॅक्टरचे पाहा. आपले इंजिन दोन हजारांच्या आसपास चालते. गव्हर्नर त्याला त्याच्या वर जाऊ देत नाही. डिझेल इंजिनचा जोर ठरतो तो पंपाने किती डिझेल आत सोडले यावर. हवा तर त्यात गरजेपेक्षा जास्तच जात असते. बाहेरचा पाइप मोकळा केला म्हणून पंप काही थेंबभर डिझेल जास्त सोडत नाही. सायलेन्सरमुळे थोडा अडथळा होतो हे खरे, पण कंपनीने तो धरूनच इंजिन बनवलेले असते. नांगर ओढताना फरक कळणार नाही. कळेल तो कानाला.

मोकळ्या पाइपाची किंमत

पहिली किंमत कानाची. ८५ डेसिबलच्या वर आवाजात रोज आठ तास बसणाऱ्याची ऐकण्याची शक्ती हळूहळू कमी होते आणि गेलेली शक्ती परत येत नाही. साधी खूण सांगतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज धोक्याच्या वर आहे असे समजा. सायलेन्सर असलेल्या, केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवरही बहुधा ओरडावेच लागते. मग सायलेन्सर काढल्यावर काय होत असेल? चाळिशीतच हाक ऐकू न येणारे ट्रॅक्टरचालक तुमच्याही गावात असतील.

दुसरी किंमत आगीची. इंजिन बराच वेळ रिकामे चालले की पाइपात काजळी साचते. मग एकदम भार पडला की तिचे जळते कण बाहेर उडतात. सायलेन्सरमधल्या कप्प्यांत त्यातले पुष्कळसे अडतात आणि विझतात. मोकळ्या पाइपातून ते सरळ बाहेर येतात. तोडणीला आलेला ऊस, वाळलेले पाचट, गव्हाचे काड, कडब्याची गंजी यांच्याजवळ असा एक कण पुरेसा होतो.

तिसरी किंमत कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सर बंधनकारक आहे आणि त्या नियमात शेतीच्या ट्रॅक्टरचा उल्लेख नावानिशी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. आवाज आणि धुराचे नियम मोडून वाहन रस्त्यावर आणल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना रद्द, अशी शिक्षा त्यात ठरवली गेली. नवा ट्रॅक्टर असेल आणि कापाकापी केली असेल, तर कंपनी हमीचे काम नाकारू शकते, ते वेगळेच.

घरी चारचाकी असेल आणि मुलगा तिला हेडर बसवू म्हणत असेल, तर एवढे ध्यानात ठेवा. अलीकडच्या मोटारींत धूर शुद्ध करणारे यंत्र आणि धुराची तपासणी करणारे सेन्सर हे इंजिनच्या अगदी जवळ, कित्येकदा मॅनिफोल्डलाच जोडलेले असतात. हेडर बसवताना ते निघतात. मग पॅनलवर दिवा लागतो, धुराची तपासणी नापास होते आणि शेवटी जुना भाग पुन्हा शोधावा लागतो.

खरे दुखणे: फुटलेले पॅकिंग

आता घरी करण्याच्या कामाकडे वळू. ट्रॅक्टर पाच-सात वर्षांचा झाला की आवाजात एक बदल होतो. सकाळी थंड इंजिन सुरू केले की हेडच्या बाजूने 'चिक् चिक् चिक्' असा आवाज येतो आणि इंजिन तापले की कमी होतो. याचे कारण सोपे आहे. पूर्ण भाराखाली धुराचे तापमान चार-पाचशे अंशांपर्यंत जाते. तापल्यावर बीड फुगते. दीड हात लांबीचा तर सोडाच, चाळीस सेंटिमीटरचा मॅनिफोल्डही एवढ्या उष्णतेत सुमारे दीड मिलिमीटर वाढतो आणि थंड झाला की आखडतो. रोजच्या या वाढण्या-आखडण्याने नट सैल होतात, पॅकिंग एका जागी फुटते आणि तिथून धूर निसटतो. तापल्यावर फट दाबली जाते म्हणून आवाज कमी होतो. त्यामुळे "गरम झाला की बरा होतो" म्हणून पुष्कळ जण दुखणे अंगावर काढतात.

तसे करू नका. त्या फटीतून येणारी गरम धुराची धार समोरची वायर आणि डिझेलची नळी भाजते. धूर चालकाच्या तोंडावर येतो. एअर क्लीनर तोच धूर आत ओढतो आणि त्यातले तेल लवकर काळे होते. वर्षभर तसेच चालवले तर ती धार हेडची सपाट बाजूच खाते. मग दिवसाच्या मजुरीपेक्षाही स्वस्त अशा पॅकिंगच्या जागी हेड उतरवण्याचे काम निघते.

खात्री करून घेण्याची रीत अशी. थंड इंजिनावर जोडाभोवती पंख्यासारखी पसरलेली काळी काजळी दिसते का पाहा. नंतर डिझेल कुठे गळत नाही याची खात्री करून इंजिन सुरू करा आणि पेटलेली उदबत्ती जोडाजवळून हळू फिरवा. धूर जिथे झटके खातो तिथे फट आहे.

आणखी एक गोष्ट तपासा. पावसाळाभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये पाणी साचते, कधी गांधीलमाशा किंवा पाखरे घर करतात. इंजिन दम खात असेल आणि धूर काळा येत असेल, तर आधी सायलेन्सर तुंबला नाही ना ते पाहा. डबा पालथा घालून ठेवण्याची आपली पद्धत चांगली आहे, फक्त सुरू करण्याआधी तो काढायला विसरू नका.

कोणी करावे, कोणी करू नये

साधा, टर्बो नसलेला ट्रॅक्टर असेल तरच हे काम घरी करा. टर्बो असेल तर मॅनिफोल्डवर टर्बोचा भार आणि तेलाच्या नळ्या असतात. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्यांत धूर शुद्ध करणारी साधने आणि सेन्सर असतात. ही दोन्ही कामे कंपनीच्या मिस्त्रीकडेच द्या.

तयारी

दुकानातून आपल्या मॉडेलचे पॅकिंग, नव्या नटांचा संच आणि दोन जादा स्टड आणा. मिळाल्यास पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट घ्या, ते गंजून धरत नाहीत. जुन्या पॅकिंगचा तुकडा सोबत न्या म्हणजे चुकीचा माल येणार नाही. घरात रिंग पाने, बॉक्स पाना, तारेचा ब्रश, सरळ पोलादी पट्टी आणि गंज सोडवणारे तेल असावे.

ट्रॅक्टर सपाट जागी, गोठ्यापासून आणि गंजीपासून दूर उभा करा. हातब्रेक लावा, चाकांना ओट द्या. आदल्या संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावर, प्रत्येक नटावर गंज सोडवणारे तेल सोडा. सकाळी पुन्हा एकदा सोडा. या कामात सर्वांत मोठे अवजार हा रात्रभराचा वेळ आहे. घाईने तुटणारे निम्मे स्टड एका रात्रीच्या तेलाने वाचतात.

उतरवणे

प्रथम बॅटरीची ऋण बाजूची वायर काढा. बॉनेट उतरवा. काही सोडण्याआधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा. कोणती नळी कुठून गेली होती हे संध्याकाळी आठवत नाही.

सायलेन्सर आधी उतरवा. तो जड असतो, एकाने धरावा आणि दुसऱ्याने बोल्ट काढावेत. मग मॅनिफोल्डचे नट बाहेरच्या टोकांपासून मधल्याकडे सोडत या. उघड्या तोंडाचा पाना वापरू नका, त्याने नटाचे कोपरे झिजतात. पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका. नट पाव फेरा सुटला की थोडा मागे फिरवा, पुन्हा तेल सोडा, पुन्हा पुढे. नटाबरोबर स्टडच निघून आला तर बिघडत नाही, नवा बसवता येतो.

स्टड तुटला तर मात्र तिथेच थांबा. घरच्या ड्रिलने हेडमध्ये भोक पाडायला जाऊ नका. ड्रिल तिरके गेले तर आटे जातात, आणि काही इंजिनांत आत लगेच पाण्याची वाट असते. चांगला मिस्त्री तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून तो बाहेर काढतो. तेवढ्याच कामासाठी त्याला बोलवा, पैसे कमी लागतात.

मॅनिफोल्ड निघाला की हेडच्या तिन्ही तोंडांत स्वच्छ फडक्याचे बोळे घाला. किती घातले ते मोजा. तीन आत गेले तर तीनच बाहेर आले पाहिजेत.

साफसफाई आणि तपासणी

जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. म्हणून कोरडे खरवडू नका, फुंकू नका. पाणी शिंपडून ओले करा, नाकाला फडके बांधा, लाकडी किंवा पितळी पट्टीने काढा आणि ओला कचरा पिशवीत बांधून ठेवा. लहान मुलांना या वेळी लांब ठेवा.

आता मॅनिफोल्डच्या सपाट बाजूवर पोलादी पट्टी उभी ठेवून उजेडाकडे धरा. वहीचा एक कागद कुठे सरकतो का पाहा. दोन कागद एकत्र सरकत असतील, तर मॅनिफोल्ड वाकला आहे. तो लेथवाल्याकडून सपाट करून आणा. वाकलेल्या बिडावर नवे पॅकिंग बसवले तर ते महिनाभरही टिकत नाही, आणि नट जास्त आवळून वाक निघत नाही, बीड चिरते.

चीर आहे का हे पाहायला मॅनिफोल्डवर डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडे पुसा आणि वरून खडूची भुकटी लावा. चीर असेल तर तिथे ओली रेघ उमटते. चिरलेला मॅनिफोल्ड बदलावा. बिडाचे वेल्डिंग जमणारे कारागीर थोडे, आणि सायलेन्सरच्या उष्णतेत ते टिकणे अवघड.

बसवणे

बोळे मोजून काढा. पॅकिंग स्टडांवर कोरडेच चढवा. कंपनीच्या पुस्तकात सांगितले नसेल तर कोणताही डिंक किंवा पेस्ट लावू नका. पॅकिंगची भोके आणि हेडची तोंडे बरोबर जुळली आहेत ना ते पाहा, उलटे बसले तर अर्धे तोंड झाकले जाते.

मॅनिफोल्ड चढवून सगळे नट आधी हाताने लावा. मग पान्याने मधल्या नटापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा. एकदम आवळू नका, तीन फेऱ्यांत आवळा. किती आवळायचे ते पुस्तकात पाहावे. पुस्तक नसेल तर ८ मिलिमीटरच्या स्टडला साधारण २ ते २.५ किलोग्रॅम-मीटर धरा, म्हणजे फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला सात-आठ किलोंचा ओढा. पाण्याची भरलेली छोटी कळशी एका हाताने उचलायला लागतो तेवढा. १० मिलिमीटरच्या स्टडला ३.५ ते ४.५. यापेक्षा जोर करणारा माणूस काम पक्के करत नाही, पुढच्या वर्षीच्या तुटलेल्या स्टडची सोय करतो.

सायलेन्सर बसवा, डिझेलची नळी आणि वायर मॅनिफोल्डला टेकत नाहीत ना ते पाहा आणि शेवटी बॅटरी जोडा.

सुरू करताना

इंजिन उघड्यावर सुरू करा, बंद शेडमध्ये कधीही नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो बसल्या जागी माणसाला बेशुद्ध करतो. पेट्रोल इंजिनात तो फार असतो, डिझेलमध्ये कमी, पण बंद जागेत कोणताच धूर भरवशाचा नाही. विहिरीत उतरवलेल्या इंजिनालाही हेच लागू.

पहिली दहा मिनिटे जोडातून थोडा निळसर धूर येईल. तो सांडलेल्या तेलाचा असतो, घाबरू नका. जवळ वाळूची बादली ठेवा, डिझेलच्या आगीवर पाणी ओतू नका. उदबत्ती पुन्हा फिरवून पाहा. आणि सर्वांत विसरले जाणारे काम: एक-दोन दिवस ट्रॅक्टर कामाला लावल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, सगळे नट त्याच क्रमाने पुन्हा एकदा तपासून आवळा. नवे पॅकिंग पहिल्या तापण्यात थोडे दबते. हे दुसरे आवळणे राहिले तर पुढच्या हंगामात 'चिक् चिक्' पुन्हा सुरू झालीच म्हणून समजा.

भगिनींना एक सांगणे. आवाजातला फरक चालकाच्या आधी कित्येकदा घरात ऐकू येतो, कारण चालकाच्या कानाला त्याची सवय झालेली असते. रोज सकाळी ट्रॅक्टर सुरू होतो तेव्हाचा आवाज बदलला असे वाटले तर आवर्जून सांगा. आणि अंगणात उभ्या केलेल्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर बंद झाल्यावरही बराच वेळ तापलेला असतो. पोर हात लावून भाजले तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. फोड मोठे असतील तर दवाखान्यात न्या.

ज्या तरुणांना हात काळे करून काही करायची हौस आहे, त्यांना माझे सांगणे आहे की ही हौस फार मोलाची आहे. सायलेन्सर कापण्यात ती घालवू नका. उन्हाळी नांगरटीपूर्वी एक मोकळा दिवस काढा, वडिलांना सोबत घ्या आणि आपल्या ट्रॅक्टरचा जोड तपासा. नांगराला ताकद कमीच पडते आहे असे वाटत असेल, तर एअर क्लीनर, डिझेल फिल्टर, नोझल आणि टायरमधली हवा या चार गोष्टी या क्रमाने पाहा. हरवलेली ताकद बहुधा त्यांतच सापडते.

कळावे.